आमच्या स्लॅबवरचं मशीन

"वहिनी, पोरीला सांगा खोकू नको म्हणून. सरकारनं हवा चांगली हाय असं जाहीर केलं, अन् त्याच बोर्डाखाली उभं राहून खोकणं म्हणजे गुन्हा हाय!"

चौकातल्या पानठेल्यावरचा गजू असं काही बोलला की आजूबाजूचे चार लोक हसायचे. त्या दिवशीही हसले. मी नाही हसले. जुईला नुकतीच दवाखान्यातून वाफ देऊन आणली होती, आणि चौकापर्यंत येईतो तिची छाती पुन्हा भात्यासारखी वर-खाली व्हायला लागली होती. वर खांबावर तो मोठा बोर्ड. त्यावर हिरवी अक्षरं सरकत होती, 'पिंपळडोह, आजची हवा : चांगली'. खाली त्याच खांबावर इतकी काळी भुकटी साचली होती की कोणीतरी बोटानं बदामाचं चित्र काढून ठेवलं होतं.

"गजूभाऊ, ठेल्यावरच्या बरण्या दिवसातून किती वेळा पुसता हो तुम्ही?" मी विचारलं.

"मोजतो कुठं, वहिनी. फडकं हातातच असते."

"मग बोर्डाला कशी दिसत नाही ही भुकटी?"

"आता ते मले काहून इचारता? मशीन तुमच्या घरी हाय न. तुमच्या घरच्याइले इचारा."

या वेळी कोणी हसलं नाही. एका बाईनं तर मला बघून पदर नाकाला लावला, आणि तो धुळीसाठी लावला असं मला काही वाटलं नाही. मी जुईचा हात धरून तरातरा घरी आले.

ही गोष्ट जुई तिसरीत होती तेव्हाची. आता ती कॉलेजात जाते.

आमचं पिंपळडोह तसं लहान गाव. गावाच्या अंगाला लोखंडाची भट्टी आली आणि ते तालुक्याहून मोठं दिसायला लागलं. भट्टीला आम्ही नुसतं 'कंपनी' म्हणायचो. आमचे हे, दिवाकर पिंपळशेंडे, कंपनीच्या काट्यावर होते. ट्रक आला की त्याचं वजन घ्यायचं, आकडा बोलायचा. कंत्राटी होते, आज आहे तर उद्या नाही. मी अंगणवाडीत. घरात आम्ही दोघं, जुई आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

लोकांनी धुळीबद्दल ओरड केली तेव्हा प्रदूषणवाले लोक आले आणि म्हणाले, हवा मोजायचं मशीन बसवतो. त्याचा आकडा चौकात दिसेल, मोबाईलवर दिसेल, कोणीही बघा, लपवाछपवी नाही. मशीनला उंच जागा हवी होती आणि रात्रंदिवस वीज. आमच्या ह्यांनी आमचा स्लॅब देऊ केला. मला तेव्हा काय अभिमान वाटला होता! स्लॅबवर जाळीचा पिंजरा बसला, त्यात कपाटासारखं मशीन, पिंजऱ्याला कुलूप. कपाटाच्या डोक्यातून एक नळी निघून पिंजऱ्याच्या बाहेर वर आलेली, आणि नळीच्या टोकावर ताटलीएवढी टोपी. त्या टोपीखालून मशीन हवा ओढायचं. कुलपाची एक किल्ली तपासणीला येणाऱ्या बोरकुटेंकडे, दुसरी अडीअडचणीला म्हणून आमच्या ह्यांच्याकडे.

सुरुवातीला बोर्डावर आकडे लाल यायचे. गावाला वाटलं, आता कंपनीची खैर नाही. मग उन्हाळ्याच्या सुमारास आकडे उतरायला लागले आणि बघता बघता हिरवे झाले. भट्टी तीच, धूर तोच, माझ्या दारातली भुकटी तीच. नुसता आकडाच तेवढा सुधारला.

आता माझा स्वभाव मुळातच संशयी. मी दूध वास घेतल्याशिवाय घेत नाही, मडकं वाजवल्याशिवाय घेत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल. पण खरं सांगते, तोवर चुकचुकली तरी मी तिला हाकलून लावत होते. कारण संशय घ्यायचा तर कोणावर? किल्ल्या दोनच होत्या.

त्या दिवशी मात्र डॉक्टरांनी जुईला वाफ देता देता मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, दुसऱ्या भट्टीची जनसुनावणी लागली आहे म्हणतात. ती भट्टी शाळेच्या मागेच येणार. तसं झालं तर पोरीला इथे ठेवू नका. तिच्या मामाकडे पाठवा, कुठेही पाठवा. या छातीला आणखी एक भट्टी झेपणार नाही."

आठ वर्षांची पोर. रात्री माझा पदर बोटाला गुंडाळल्याशिवाय झोपत नव्हती. तिला परक्या गावी पाठवायचं की नाही हे आता त्या सुनावणीवर ठरणार होतं, आणि सुनावणीत कंपनी काय दाखवणार? आमच्याच स्लॅबवरचे हिरवे आकडे.

घरी आले तर आत्याबाई मिक्सर पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी त्याला फुलाफुलाचं कव्हर घातलं, नाडी बांधली. आमच्या घरात उघडी वस्तू सापडायची नाही. फ्रिजला कव्हर, टीव्हीला कव्हर, कुलरला कव्हर, गव्हाच्या कोठीला कव्हर. कंपनीनं देवळाच्या सभागृहात बायकांसाठी शिवणवर्ग काढला होता. आत्याबाई त्यात जायला लागल्या आणि मग तर विचारूच नका. मी एकदा गमतीनं म्हटलं होतं, आत्याबाई, मी फार वेळ एका जागी बसले तर मलाही शिवाल.

"वाफ देल्ली का पोरीले?" त्यांनी विचारलं.

"दिली. पण डॉक्टर म्हणतात, दुसरी भट्टी आली तर तिला गावातून हलवा."

आत्याबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "हलवा म्हंजे? माह्या नातीले? मंग म्या कोणाच्या तोंडाकडं पाहू दिवसभर?" असं म्हणून त्यांनी जुईला ओढून मांडीवर घेतलं आणि तिची छाती चोळायला लागल्या. "येऊ दे तं खरी भट्टी! म्या आडवी पडतो तिच्या दारात."

तेवढ्यात मागच्या दाराशी ह्यांचा आवाज आला. फोनवर बोलत होते, हळू. "हो साहेब... आकडे बरोबर येऊन राहिले न? मंग झालं तर... नाही नाही, घरी कोणाले काही माहीत नाही."



"कोणाचा फोन?" मी विचारलं.

"काट्यावरचा. एका ट्रकचा घोळ होता."

"अन् घरी काय माहीत नाही आम्हाला?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "अवं, ट्रकचं वजन घरी सांगत फिरू का आता?" म्हणाले आणि पायात चपला सरकवून बाहेर पडले. उत्तर बरोबर होतं. पण माणूस खरं बोलताना चपला इतक्या घाईनं शोधत नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतून येताना शेजारच्या निखाडे सरांनी फाटकातून हाक मारली. सर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, गावात त्यांच्या शब्दाला किंमत. मी मान खाली घालून निघाले होते, कारण आता हेही टोमणा मारणार असं वाटलं.

"सूनबाई, घाबरू नकोस. आत ये. तुझ्याकडेच काम आहे."

त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यावर आमच्या मशीनचे तासातासाचे आकडे होते. "हे सगळ्यांसाठी उघडं आहे. चौकातला बोर्ड दिवसाची सरासरी दाखवतो, म्हणून तिथे कळत नाही. इथे तासाचं कळतं. हे बघ. हा मंगळवार. सकाळी हिरवं, हिरवं, हिरवं, आणि मग अचानक हा एक तास लाल. मग पुन्हा हिरवं. हा मागचा मंगळवार. तेच. त्याच्या मागचाही मंगळवार."

"मंगळवारी तर बोरकुटे येतात," मी म्हटलं.

"बरोबर. जीप त्याच वेळी येते. तो असतो तेवढा वेळ आकडा लाल. तो गेला की हिरवा."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या मशीनवर काहीतरी आहे, ते फक्त त्या वेळी निघतं आणि नंतर परत लागतं." सरांनी चष्मा काढला. "सूनबाई, किल्ली कोणाकोणाकडे आहे?"

मी पिशवी उचलून उठले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, हे त्यांचे उपकारच.

त्या बोरकुटेंबद्दल मला आधीपासून खात्री नव्हतीच. कधी डोळ्याला डोळा देऊन बोलायचे नाहीत. यायचे, पिंजरा उघडायचे, मशीनमधल्या धूळ धरणाऱ्या कागदी चकत्या पाकिटात भरायचे, चहा अर्धा टाकून निघायचे. चहा अर्धा टाकणारा माणूस मला कधीच आवडला नाही. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, की बाबा रे, असू दे तो बोरकुटेच. आमच्या घरचा नको.

सुनावणी गुरुवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी मी अंगणवाडीला जाते म्हणून निघाले आणि मागच्या गल्लीनं सरांच्या घरात शिरले. सरांचा स्लॅब आमच्यापेक्षा थोडा उंच. पाण्याच्या टाकीच्या आडून आमचा सगळा स्लॅब दिसत होता. मी स्वतः तिथे वर्षभरात गेले नव्हते. स्लॅब म्हणजे आत्याबाईंचं राज्य. त्यांच्या कुरडया, त्यांची तुळस, त्यांचे सांडगे. मी कधी वर गेले की लगेच, "पाय नको देऊ तिकडं, वाळत घातलं हाय!"

आणि पाहिलं तर नळीच्या टोपीवर निळं काहीतरी होतं.

"ते काय आहे?" सर कुजबुजले.

मला ओळखू येईना. ऊन डोळ्यावर होतं. तेवढ्यात खाली जीपचा हॉर्न वाजला, आणि जिन्यातून कोण आलं? आत्याबाई! लुगड्याचा ओचा खोचलेला, लगबगीनं. स्टुलावर चढल्या, त्या निळ्या कापडाची नाडी सोडली, ते उतरवलं, घडी करून काखेत मारलं आणि पलीकडे कुरडयांच्या खाटेशी जाऊन बसल्या, जशा सकाळपासून तिथेच असाव्यात.

बोरकुटे वर आले. त्यांनी पिंजरा उघडला, चकती काढली, उन्हात धरून उलटीसुलटी पाहिली, डोकं खाजवलं. नवी चकती घातली. मशीनवर टकटक केलं. मग उभे राहून कंपनीच्या धुराड्याकडे बघत राहिले, बराच वेळ. मग निघून गेले.

जीपचा आवाज विरला तशा आत्याबाई उठल्या. त्यांनी ते कापड झटकलं. इतकी काळी धूळ उडाली की त्या स्वतः खोकल्या. मग पुन्हा स्टुलावर चढून त्यांनी ते टोपीवर चढवलं, चारी बाजूंनी नीट ओढलं, नाडी बांधली, आणि वरून हात फिरवला. माझ्या मिक्सरवरून फिरवतात तसाच.

निखाडे सर मटकन टाकीच्या कठड्यावर बसले. "अरे देवा," म्हणाले. "खोळ घातली आहे! धूळ मोजायच्या मशीनला धूळ लागू नये म्हणून खोळ घातली आहे!"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. पण सगळ्यात आधी काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. हे नव्हते. माझ्या नवऱ्यानं काही केलं नव्हतं. म्हातारीची भोळी चूक होती. मी तीन-तीन पायऱ्या ओलांडत खाली आले आणि आमच्या जिन्यानं वर गेले.

"आत्याबाई! हे काय केलं?"

त्या दचकल्या. मग कौतुकानंच म्हणाल्या, "पाह्यलं का? बसली न बरोबर? नाहीतरी टोपी उघडीच राहत होती न बिचारी. एवढी धूळ. सरकारी वस्तू आपल्या भरवशावर ठेवली, उद्या बिघडली तं कोण भरून देईन? साहेब येते तवा काढतो न म्या. आपणही मिक्सर चालवताना कव्हर काढतोच का नाही?"

"आत्याबाई, ते धूळच मोजतं. धूळ आत गेली पाहिजे, तेव्हा ते बोलणार. तुम्ही त्याच्या नाकावर फडकं बांधलं. म्हणून चौकात हवा चांगली येते. म्हणूनच दुसरी भट्टी येते आहे."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मी बघत होते, कसकसं कळत गेलं ते. त्या खाटेच्या काठावर बसल्या. खाली अंगणात जुई खोकत होती. शाळेत पाठवलीच नव्हती तिला.

"म्हंजे ते म्या..." एवढंच म्हणाल्या. मग दोन्ही हात आपल्याच तोंडावर दाबून धरले.

मी त्यांच्या शेजारी बसले. पाठीवरून हात फिरवला. स्टुलावर चढून खोळ काढून आणली आणि मांडीवर पसरली. आतून शिवण मऊ, सुबक, कोपरे दुमडून घातलेले. बाहेरून काळीकुट्ट. पण जिथे दुमड होती तिथे मूळ रंग दिसत होता, आणि तो मी रोज धुते तो रंग होता. कंपनीच्या ड्रेसचं निळं कापड.

"आत्याबाई, हे कापड कुठून आणलं?"

"वर्गातून."

"तुम्ही मागितलं?"

"नाही वं. शिवणाच्या बाईनंच देल्लं. म्हणे, आजी, तुमच्या घरी ते मशीन हाय न, त्याले एक खोळ शिवा, धुळीनं खराब नाही होणार. साहेब आले की काढत जा म्हणे, नाहीतं त्याइले वाटन आपण हात लावला. कापलेलंच कापड होतं. मले फक्त शिवाचं होतं."

"कापलेलं? माप कोणी दिलं मग?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मले काय माहीत," म्हणाल्या, पण हळूच.

टोपी ताटलीएवढी, तिच्याखाली नळी बारीक, मध्ये एक कडं. खोळ अशी बसली होती की अंगठा शिरायला जागा नव्हती. देवळाच्या सभागृहातून कोणाला हे माप दिसणार होतं? आमच्या स्लॅबवर तीनच माणसं जायची. एक माझ्याशेजारी डोळे पुसत बसली होती. दुसरा बोरकुटे, ज्याला ती खोळ दिसूच नये म्हणून तर आत्याबाईंना काढायला सांगितलं होतं.

आम्ही दोघी खाली आलो. मी ती खोळ घडी घालून समोरच्या खोलीतल्या दिवाणावर ठेवली. का ठेवली, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या आणि जुईच्या वेण्या घालायला लागल्या. 

हे दुपारी जेवायला आले. चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि दिवाणाकडे वळले.

मी मनात म्हणत होते, विचारा. विचारा हो, हे काय आहे म्हणून. एखाद्याला माहीत नसलेली वस्तू घरात दिसली तर तो पहिल्यांदा काय विचारतो? एवढंच विचारा, मी तुमच्या पाया पडेन.

"हे खाली कोणी आणलं?" ह्यांनी विचारलं.

वेणी घालणारे आत्याबाईंचे हात थांबले.

ह्यांच्याही लक्षात आलं. चेहरा एकदम पडला. ते दिवाणावर बसले, खोळ हातात घेतली आणि परत ठेवली.

"दिवाकर," आत्याबाई म्हणाल्या. "माप तू देल्लं?"

"आई, मले पर्मनंट करतो म्हणाले. सुनावणी झाली का लगेच." हे म्हणाले. "पर्मनंट झालो का घरच्याइचा दवाखाना कंपनी करते. जुईले नागपूरले दाखवता येईन, मोठ्या डॉक्टरले. मी काही माह्यासाठी केलं का?"

"अहो, दवाखाना लागू नये म्हणूनच ते मशीन होतं ना!" मी ओरडले. "तिच्या औषधासाठी तिचीच हवा विकून आलात? अन् आईच्या हातानं शिवून घेतलंत? त्यासाठी तुम्हाला आईशिवाय दुसरं कोणी दिसलं नाही?"

 जुई एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत होती. तिची अर्धीच वेणी झाली होती.

"सुनावणीत तू गप राय," शेवटी हे मला म्हणाले. "खोळ काढली न? आता आकडा खरा येईन. झालं न?"

"दोन दिवसांचा खरा अन् वर्षभराचा खोटा. ते वर्षाचा दाखवणार आहेत."

"मी तुरुंगात गेलो तर तुले चालते?"

  मी दोन दिवस जेवले नाही, ह्यांच्याशी बोलले नाही, आणि काय करायचं ते ठरवूही शकले नाही. खोळ दिवाणावरून नाहीशी झाली तेव्हा मला वाटलं ह्यांनीच जाळली. मी विचारलंसुद्धा नाही. इतका संशय आला होता मला, की विचारायचंही बळ उरलं नव्हतं.

गुरुवारी शाळेच्या पटांगणात मांडव. समोर पांढऱ्या चादरीचं लांब टेबल, त्यामागे जिल्ह्याचे मोठे साहेब, त्यांच्या बाजूला बोरकुटे. एका अंगाला कंपनीचे लोक, त्यांच्यामागे निळ्या ड्रेसातले कामगार, त्यात आमचे हे. पडद्यावर वर्षभराचे आकडे दाखवले. हिरवेगार. निखाडे सर उठून मंगळवारच्या लाल तासांबद्दल बोलले, खोळीचं मात्र माझ्यावर सोडलं, तर कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "सर, मशीन तपासताना असं होतच असतं. सरकारी आकडे आहेत, आमचे नाहीत. कोणीही बघू शकतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही. मांडीवर जुई होती आणि समोर तिचा बाप होता. 

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आत्याबाई उठल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेल्या, काखेत पिशवी. माईक त्यांना नको होता. सरळ टेबलापाशी गेल्या, पिशवीतून खोळ काढली आणि मोठ्या साहेबांच्या पुढ्यात, त्या पांढऱ्या चादरीवर, दोन्ही हातांनी झटकली.

काळा ढग उठला. साहेब खोकत मागे सरकले. चादरीवर ताटभर भुकटी पडली.

"हे त्या मशीनच्या टोपीवर घालत होतो म्या," आत्याबाई म्हणाल्या. "तपासणीवाले साहेब आले का काढाचं, गेले का घालाचं. याच्या आतली हवा तुमच्या त्या पडद्यावर हाय. याच्या बाहेरची माह्या नातीच्या छातीत हाय."

 बोरकुटे उभे राहिले होते. "तरीच!" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्या डोळ्यात पाहिलं. "तरीच चकत्या पांढऱ्या यायच्या! ताई, मला तर वाटायचं तुम्हीच काहीतरी करता."

"आजी," मोठे साहेब म्हणाले, "हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं?"

"शिवलं म्या."

"ते कळलं. पण सांगितलं कोणी? माप कोणी दिलं?"

आत्याबाईंनी वळून निळ्या ड्रेसांकडे पाहिलं. हे मान खाली घालून उभे होते. कंपनीचा माणूस एकदम पुढे आला, म्हणाला, "साहेब, अडाणी बाई आहे, तिची तिनंच चूक केली, सोडून द्या." आणि खरंच, तेवढ्यावर सुटली असती गोष्ट. म्हातारीची चूक म्हणून. आत्याबाईंनाही ते कळलं असणार. त्या फक्त हो म्हणाल्या असत्या तर त्यांचा मुलगा सुटला असता.

माझ्या मांडीवर जुई खोकली. साधीच, रोजच्यासारखी.

"कापड कंपनीच्या शिवणवर्गातून आलं," आत्याबाई म्हणाल्या. "अन् माप माह्या दिवाकरनं देल्लं. माह्या पोटच्या पोरानं. लिहा साहेब, म्या अंगठा देतो."

दुसऱ्या भट्टीची परवानगी त्या दिवशी थांबली. नव्यानं वर्षभर मोजा असा आदेश झाला. शिवणवर्गाच्या बाई दुसऱ्या दिवसापासून गावात दिसल्या नाहीत. ह्यांच्यावर केस झाली, ती पुढे बरीच वर्षं रेंगाळली. कंपनीनं तर ओळखच नाकारली, आमचा हा माणूस नाहीच म्हणाले. हे पुढे बाजार समितीच्या काट्यावर लागले. आईशी ते बरेच महिने बोलत नव्हते. मग जुईनंच त्या दोघांना एका ताटात जेवायला बसवलं. माझं म्हणाल तर मी संसार केला, अजून करते. पण ह्यांच्या फोनची रिंग वाजली की माझे कान अजून तिकडे जातात. जुई मात्र कुठेही गेली नाही. माझ्या पदराशीच वाढली.

चौकातला बोर्ड लाल झाला तेव्हा गजूनं आत्याबाईंना फुकट पान खिलवलं. म्हणाला, आजी, आता कितीबी खोका, सरकारची मंजुरी हाय.

सुनावणीवरून घरी आल्यावर आत्याबाईंनी एक काम केलं. फ्रिजचं कव्हर काढलं, टीव्हीचं काढलं, कुलरचं, कोठीचं, मिक्सरचं. सगळी एका बोचक्यात बांधून माळ्यावर टाकली. दोन दिवसांत सगळ्या घरावर काळी साय धरली. मी फडकं घेऊन पुसायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे," म्हणाल्या. "दिसू दे किती बसते ते."